न मारलेल्या फुल्या

ऑफिसात मला सगळे उकलबाई म्हणतात. तोंडावरच म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते विचारायच्या फंदात मी कधी पडले नाही. रविवारच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर गूढ कोडं येतं आणि त्याच्या खाली आदल्या आठवड्याच्या कोड्याची उकल. ती उकल मी लिहिते. वीस वर्षं झाली. कोडं घालणारे वेगळे. ते धंद्याने शिंपी, खरेखुरे, गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकाची मापं घेणारे. छापून येताना त्यांचं नाव 'सुईदोरा' असं येतं. मी त्यांना काका म्हणते.

गूढ कोडं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना एकदाच सांगते, मग मध्ये मध्ये विचारू नका. साध्या कोड्यात 'औषध' असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही 'दवा' भरून मोकळे होता. काका सूत्र लिहितात, 'भांडण उलटवलं तर औषध (२)'. कंसातला आकडा अक्षरांचा. भांडण म्हणजे वाद. वाद उलटा वाचा, दवा झाला. आणि औषध म्हणजेही दवाच. दोन्ही वाटांनी एकाच दाराशी पोचलात की उत्तर पक्कं. एकाच वाटेने पोचलात तर चहा घ्या आणि पुन्हा डोकं लावा. लोक रविवारचा अख्खा दिवस यात घालवतात आणि सोमवारी मला फोन करून शिव्या देतात. मला आवडतं ते.

काकांनी पहिलं कोडं आणून दिलं तेव्हा त्यांच्या दाढीत पांढरा केस नव्हता. मी टेबलाशी बसून ते सोडवायला घेतलं आणि एका ठिकाणी अडले. तासभर झटले. शेवटी चिडून म्हटलं, काका, हे मला येत नाहीये, उत्तर सांगा. ते म्हणाले, उत्तर नाही सांगणार, कोडं परत दे. मला वाटलं माणूस रागावला. त्यांनी खिशातून कापडावर खुणा करायचा लाल खडू काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अडलीस की फुली मार. कपडा बसला नाही तर गिऱ्हाईक चुकत नसतं, बाई, शिंपी चुकतो."

तेव्हापासून तीच आमची रीत. सोमवारी अकराच्या सुमाराला काका जिना चढून येत. एक मोठं पाकीट कोड्याचं, एक छोटं उत्तरांचं, चिकटवलेलं. छोटं पाकीट न उघडता मी कोडं सोडवायचं. जिथे दोन्ही वाटा जुळत नाहीत तिथे लाल फुली मारायची आणि मंगळवारी कागद परत पाठवायचा. गुरुवारपर्यंत काका नवीन सूत्र देत. कागद परत आला नाही तर समजायचं की सगळं ठीक. वीस वर्षांत मी नऊ फुल्या मारल्या. नऊच. दर फुलीनंतर काका पुढच्या सोमवारी माझ्यासाठी आल्याच्या वड्या आणायचे, जणू मी त्यांच्यावर उपकार केलेत. माझा नवरा म्हणायचा, तुझ्या काकांना चुका दाखवल्या की गोड लागतं आणि मला दाखवल्या की तू सणसणीत बोलणी खातेस, हा फरक लक्षात घे.

मग काका पडले. न्हाणीघरात पाय सरकला आणि डोकं नळावर आपटलं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, त्या सोमवारी, हसत. "नळाला साष्टांग नमस्कार घातला," म्हणाले. केसांखाली टेंगूळ होतं, हात लावू दिलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे गेलात का? तर म्हणाले, छे गं, आणि लेकीला बोलू नकोस, ती उगाच घर डोक्यावर घेईल. लेक त्यांची एकुलती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, आता दुकान तीच चालवते. मी तिला काही बोलले नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हसत हसत जिना चढून आला होता, त्यात बोलण्यासारखं काय होतं? असं मला वाटलं. काय काय वाटलं मला त्या दिवसांत, ते आता आठवायचीसुद्धा लाज वाटते.

तीनेक आठवड्यांनी पाकिटात एक सूत्र आलं, 'पाणी उलटलं आणि माणूस गरीब झाला (२)'. मी पाणी उलटं वाचलं. णीपा. णीपा म्हणजे काय, कपाळ? बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी उमगलं की काकांना 'नदी' म्हणायचं होतं. नदी उलटली की दीन, आणि दीन म्हणजे गरीब. सुरेख सूत्र होतं, फक्त नदीच्या जागी पाणी पडलं होतं. हे फुलीचं काम होतं, सरळसरळ. मी खडू हातात घेतलासुद्धा.

पण त्याच सकाळी आमचे साहेब, म्हणजे पुरवणीचे प्रमुख, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते की हल्ली कंप्युटरवर तयार कोडी मिळतात, छापायला काही कटकट नाही, म्हाताऱ्याची पाकिटं किती दिवस सांभाळायची. फुली मारलेला कागद साहेबांच्या टेबलावरून जातो, त्यांची सही होऊन. मी खडू खाली ठेवला. आणि उकलीत लिहिलं, 'पाणी म्हणजे इथे वाहतं पाणी, अर्थात नदी. नदी उलटली की दीन.' वाचणाऱ्यांनी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखली असं वाटून मी त्या दिवशी घरी गेले आणि छान झोपले.

पुढच्या आठवड्यात एका सूत्रात 'उलट' हा शब्दच नव्हता. वेल आणि ठेका, बस. म्हणजे लता आणि ताल, पण वेल उलटी करायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लिहिलं की वेल वरून खाली वाढते तेव्हा ती उलटीच असते. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन सूत्रांची सरमिसळ झाली होती. 'भांडण उलटवलं तर उद्योग (२)'. छोट्या पाकिटात उत्तर होतं 'काम'. आता, मका उलटला तर काम होतं, कणीस उलटं धरून उद्योग काढायचा हे काकांचं जुनं सूत्र मला पाठ होतं. भांडणाचा त्यात काडीचा संबंध नाही. मी दुपारभर बसले आणि लिहिलं, 'भांडण उलटवणं म्हणजे ते मिटवणं. भांडण मिटलं की माणूस कामाला लागतो. या आठवड्यात कोडेकाराने अक्षरांच्या पलीकडे जाऊन शोध घ्यायला लावला आहे.'

यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं, दोन पानी. कोड्याला नवी खोली आली आहे म्हणे. उकलबाईंनी दृष्टी दिली म्हणे. साहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, कधी नव्हे ते हसून. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. अंगावर मूठभर मांस चढलं. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या कोड्याखाली बारीक अक्षरात छापून येत होते आणि आता लोक कोडं सोडून माझी उकल वाचत होते. पहिली फुली मी दयेपोटी गिळली, दुसरी भीतीपोटी, आणि नंतरच्या सगळ्या हौसेपोटी.

आठव्या आठवड्यात तीन अक्षरांच्या शब्दाला काकांनी दोनच चौकोन आखले होते. हे उकलीने झाकण्यासारखं नव्हतं. मी पट्टी घेतली आणि त्यांची चौकट स्वतः बदलून टाकली. त्याच सोमवारी काकांनी पाकीट देताना मला विचारलं, "सगळं बसतंय ना गं?" ते दारात उभे होते, एक हात चौकटीला टेकवून. जिना चढून आल्यावर पूर्वी ते कधी असे टेकत नसत. मी म्हटलं, अगदी फिट्ट. त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, बघा, एका शब्दाने माणसाला किती बरं वाटतं.

अकराव्या आठवड्यात पाकीट आलं नाही. बुधवारी दुपारी काकांच्या लेकीचा फोन आला. ती दुकानातून जेवायला आत गेली तर काका टेबलाशी बसून सुई ओवत होते. बोटं नीट हलत होती, डोळे बारीक केलेले होते, फक्त हातात ना सुई होती ना दोरा. तिने हाक मारली तर त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन चौदा वर्षं झालीत.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. काकांचं डोकं भादरलेलं होतं आणि त्यावर पांढरी पट्टी. ऑपरेशन झालं होतं. लेक बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर काकांचा सदरा घडी करून. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की डोक्याला मार बसून आत थेंब थेंब रक्त साचत गेलं आणि त्याने मेंदू दाबला गेला. अडीच महिन्यांपूर्वीचा मार असावा. पहिल्या महिन्यात आले असते तर चार दिवसांत चालत घरी गेले असते. आता उजवा हात परत येईलच असं नाही, शब्दही थोडे अडखळतील. लेक म्हणाली, अडीच महिन्यांपूर्वी कुठे लागलं असेल हो ताई, मला तर काहीच माहीत नाही. मी जमिनीवरच्या फरशा बघत राहिले.

मग ती जे बोलली ते मला अजून शब्दनशब्द पाठ आहे. म्हणाली, "माझं लक्ष होतं हो. ते उंबऱ्याला अडखळायचे, एकच गोष्ट दोनदा विचारायचे. मी चार वेळा म्हटलं, बाबा, एकदा डोकं तपासून घेऊ. तर म्हणायचे, माझं डोकं दर आठवड्याला उकलबाई तपासते, तिची फुली आली की जाऊ. फुली आलीच नाही ना. मग मलाही वाटलं, वय झालंय, दुसरं काय."

ती माझ्यावर आरोप करत नव्हती. उलट माझा हात धरून म्हणाली की तुमच्या कोड्यानेच त्यांना इतके दिवस टिकवलं, ताई. ती माणसाच्या वागण्यावरून ओळखत होती, मला तर लेखी पुरावा येत होता दर सोमवारी, पाकिटात घालून. मार लागल्याचं मला माहीत होतं. कोडी बिघडल्याचं मला माहीत होतं. दोन्ही वाटा एकाच दाराशी जात होत्या आणि वीस वर्षं लोकांना हेच समजावून सांगणारी बाई त्या दाराला रंग देत बसली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात बैल दुसऱ्याचा गेला.

काका महिन्याने घरी आले. तोवर पुरवणीत जुनी कोडी छापत होतो. मी दर चार दिवसांनी त्यांच्याकडे जायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. दारात पोचेपर्यंत वाक्य तयार असायचं. मग लेक चहा आणायची, काका डाव्या हाताने खुर्ची दाखवायचे, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसलं चाललं होतं. घरी नवरा विचारायचा, सांगितलंस? मी त्याच्यावरच खेकसायचे. खाई त्याला खवखवे. लेक साधं म्हणाली की ताई, तुम्ही बारीक झालात, तरी मला वाटायचं हिला कळलं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. काकांना त्या अकरा आठवड्यांतलं फारसं आठवत नव्हतं, आणि जे गेलं त्याची त्यांना भीती वाटायची. उजवा हात मांडीवर ठेवून ते त्याच्याकडे बघत बसायचे. मग टेबलाच्या खणातून त्या दहा रविवारांची कात्रणं काढायला लावायचे. लेकीने जपून ठेवली होती. म्हणायचे, हात गेला, नावं गेली, पण हे बघ, कोडं नाही गेलं. एकही फुली नाही. खाटेवरच्या माणसाला धरायला एवढाच कठडा होता, आणि तो मी पुठ्ठ्याचा करून ठेवला होता. सांगावं तर त्यांचं उरलंसुरलं जाणार. न सांगावं तर ते त्या कठड्यावर भार टाकणार.

आणि त्यांनी टाकलाच. एका सोमवारी लेकीचा फोन आला, आवाज आनंदाने फुललेला. बाबांनी नवीन कोडं केलंय म्हणाली. छोटंसं, आठ सूत्रांचं. ते सांगत गेले, मी लिहून घेतलं. या ना तुम्ही, म्हणतात उकलबाईने माझ्यासमोर सोडवायला हवं. साहेबांनाही मी फोन करून सांगून टाकलंय, म्हणाली, की पुढच्या महिन्यापासून चालू करतोय. मी जाताना ऑफिसातल्या कपाटातून ती जुनी फाइल काढली, काकांच्या हातच्या मूळ कागदांची, छापण्याआधीच्या. का घेतली ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं. पण चांगलं ठाऊक होतं.

त्यांच्या पुढच्या खोलीत कपडे बेतायचं लांब टेबल आहे. त्याच्या एका टोकाला काका बसले होते, अंगात धुतलेला सदरा. लेक मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होती, पण पाय चालत नव्हता, सगळं लक्ष आमच्याकडे. मी कागद घेतला. पहिली दोन सूत्रं झकास होती. तिसरंही. मला रडू यायला लागलं, इतकी ती काकांची होती. चौथं बसेना. मी उलटं केलं, सुलटं केलं, शब्द फोडले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि त्याच क्षणी, देवाशपथ, माझ्या डोक्यात त्या सूत्राची उकल तयार झाली. खोटी. सुबक, मुलायम, मुख्याध्यापक खूश होतील अशी. मला स्वतःची किळस आली. सवय कशी लागते बघा माणसाला.

मी पर्समधून लाल खडू काढला आणि चौथ्या सूत्रावर फुली मारली.

लेकीचा चेहरा पडला. काका मात्र हसले, डाव्या बाजूने. म्हणाले, हं, दे, बघतो. तेव्हा मी फाइल उघडली आणि ते दहा कागद त्यांच्यासमोर एकापुढे एक मांडले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण खडूच चालला. पाणी, फुली. वेल, फुली. भांडण, फुली. दोन चौकोन, फुली. शेवटच्या तीन कागदांवर तर फुल्या जास्त आणि सूत्रं कमी दिसायला लागली. खडूची भुकटी टेबलभर झाली. मशीनशी बसलेली लेक उठून कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

काकांनी कागद एकेक करून डाव्या हाताने पुढे ओढले. वेळ घेऊन वाचले. मग छापलेली कात्रणं मागितली आणि माझी उकल त्याच्या शेजारी ठेवून वाचली. भांडण मिटलं की माणूस कामाला लागतो, या वाक्यापाशी ते हसले. खरंच हसले. म्हणाले, हे मस्त जमवलंयस. आणि मग हसू थांबलं.

"फुली का नाही मारलीस?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता?"

त्यांनी त्यांच्या मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि टेबलावर ठेवला, त्या कागदांवर. रागावून आपटला नाही. नुसता ठेवला, मला नीट दिसेल असा. मग सावकाश, शब्द शोधत शोधत म्हणाले, "मला कळत होतं गं, आत काहीतरी बिनसलंय ते. लेकीचं ऐकायला मन घेईना. म्हटलं, तू सांगशील."

मी पडल्याचंही सांगून टाकलं, लेकीकडे वळून. नळाचं, टेंगळाचं, न बोलण्याचं. म्हटलं, मला सगळं ठाऊक होतं. चार वेळा, एवढंच ती म्हणाली, तेही मला नाही, स्वतःशीच. आत गेली आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

मी क्षमा मागितली. काका म्हणाले, ते होईल कधीतरी, घाई करू नकोस. मग त्यांनी डावा तळहात पुढे केला आणि म्हणाले, "खडू दे इकडे."

वीस वर्षं माझ्या टेबलावर होता तो. झिजून बोटाच्या पेराएवढा झाला होता. मी त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, उकल तूच लिहीत जा, तुझ्यासारखी कुणाला जमणार नाही. फुली दुसरं कोणी मारील. मी मान हलवली आणि चपला घालताना उलट्यासुलट्या घातल्या. रस्त्यावर आल्यावर ते कळलं.

कोडं पुन्हा चालू झालंय. छोटं, आठच सूत्रांचं. साहेब कुरकुरले, पण मुख्याध्यापकांच्या पत्राचा हवाला देऊन मीच त्यांना गप्प केलं, त्या पत्राचा तेवढा एक उपयोग झाला. सोमवारी आता काका येत नाहीत, मी जाते. कोडं माझ्याकडे यायच्या आधी फुल्यांमधून गेलेलं असतं. कच्चा कागदही पाकिटात असतो, त्यावर कधी चार फुल्या, कधी सहा, शेजारी काकांच्या डाव्या हाताची वाकडी अक्षरं आणि शेवटी बसलेलं सूत्र. उकल लिहायला मला अर्धा तासही लागत नाही. मुख्याध्यापकांचं परवा पत्र आलं की उकलबाईंची लेखणी हल्ली थंडावली आहे.

फुल्या लेक मारते. तिने आयुष्यात कोडं सोडवलं नव्हतं, शाळा आठवीत सुटली. दोन महिने ती मला पाकीट दारातच द्यायची, उंबऱ्याच्या आतून, आणि दार लावून घ्यायची. मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? मागच्या सोमवारी पाऊल बाजूला घेऊन ती म्हणाली, आत या. काका झोपले होते. ती परत मशीनशी जाऊन बसली. मी टेबलाशी उभी राहून कच्चा कागद बघितला. पाच फुल्या होत्या आणि पाचही बरोबर जागी. मला राहवलं नाही. विचारलं, तुला कसं गं कळतं कुठलं चुकलंय ते?

तिने सुईखालचा कपडा सरकवला. मान वर केली नाही.

"मला कुठे काय कळतं, ताई," ती म्हणाली. "मला कळलं नाही की मी बाबांना विचारते. त्यांना सांगता आलं नाही की फुली मारते."